सात वाजून पाच मिनिटं, दोनदा

पौषातली सकाळ, साताऱ्याच्या एसटी स्टँडबाहेरची चहाची टपरी. अजून पुरतं उजाडलेलं नाही. आल्याचा वास, पातेल्यावर वर येऊन पुन्हा खाली बसणारा चहा, आणि फळीवर साखरेच्या डब्याला टेकून ठेवलेला काळ्या कव्हरातला रेडिओ. सात वाजत आले तसा टपरीवाल्याने हात वर करून डोक्यावरचा बल्ब बंद केला. बाकावर कॉलेजातला एक मुलगा बसला होता. टपरीच्याच बोर्डावर त्याने मोबाइल चार्जिंगला लावला होता आणि त्यावर रेडिओवरचंच आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होतं. मोबाइलचा आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा. रेडिओत मात्र बोलण्यामागे एक बारीक, चिवट गुणगुण. रेडिओवर निवेदक म्हणाला, सात वाजून पाच मिनिटं. बातम्या सुरू झाल्या, पहिल्या दोन ठळक बातम्या होऊनही गेल्या, आणि मग मोबाइलमधून तोच निवेदक त्याच सुरात म्हणाला, सात वाजून पाच मिनिटं. मुलाने मान वर केली. "काका, तुमचं आधी कसं वाजतंय? आणि किती खरखरतोय रेडिओ!" टपरीवाला कप विसळत म्हणाला, "आधी नाय. हे येळेवर हाय. तुझं मागं हाय."

एवढंच. पण सात वाजून पाच मिनिटं दोनदा वाजली, ही गोष्ट मनातून जात नाही.

उशीर कुठे होतो, हे सांगता येतं. मोबाइलच्या ॲपवर येणारा आवाज आधी आकड्यांत बदलतो, मग त्याचे काही-काही सेकंदांचे तुकडे पडतात, ते कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसतात. मोबाइल तिथून दोन-तीन तुकडे आधी गोळा करतो आणि मगच वाजवायला लागतो. नेटवर्क मध्येच अडखळलं तर हाताशी शिल्लक असावी म्हणून. ती शिल्लक म्हणजेच उशीर. वीस सेकंद, तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. टपरीवरचा रेडिओ ऐकतो ती मीडियम वेव्ह, प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून थेट हवेतून येणारी लाट. तिला असली शिल्लक ठाऊकच नाही. पुणे ते सातारा हवाई अंतर शंभर किलोमीटर धरलं तर तिला लागतो एका मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम अकरा सेंटिमीटर जातो. म्हणजे निवेदकाच्या शब्दाला पुण्याहून साताऱ्याच्या फळीपर्यंत यायला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ फळीवरून टपरीवाल्याच्या कानापर्यंत पोचायला लागतो.

जुनी यंत्रं का टिकतात, असा विषय निघाला की बोलणं लगेच स्मरणरंजनाकडे वळतं. रेकॉर्डचा ऊबदार आवाज, कॅसेटच्या पाकिटावरचं अक्षर वगैरे. त्यात खोटं काही नाही, पण टपरीवरच्या रेडिओला ते लागू पडत नाही. तो कुणी आठवण म्हणून ठेवलेला नाही. त्याच्याकडून रोज काम करून घेतलं जातं.

आणि आवाजाच्या गुणावर तो टिकलेला नाही, हेही कबूल करायला हवं. मीडियम वेव्हवर साडेचार किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साडेचार हजार कंपनांच्या, वर फारसं काही उरत नाही. श आणि स यांतला फरक अंदाजाने ऐकायचा. तबल्याच्या चाटेवरची धार जाते, तानपुऱ्याच्या तारांतून वर उठणारे बारीक स्वर जातात, राहतो तो फक्त खर्जाचा घुमारा. एफएम पंधरा किलोहर्ट्झपर्यंत नीट नेतं. शास्त्रीय गाण्याची मैफल मीडियम वेव्हवर ऐकणं म्हणजे जाड काचेतून चित्र पाहणं. हा तोटा खरा आहे.

तरी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात एक शिस्त आहे, आणि ती मोठी देखणी आहे. केंद्रांचे किलोहर्ट्झमधले आकडे पाहा. मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५, पुणे ७९२, जळगाव ९६३, सांगली १२५१. कुठल्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज करून पाहा, नऊ येईल नाहीतर अठरा. १९७५ साली जिनिव्हात मीडियम वेव्हची वाटणी झाली, तेव्हा आपल्याकडच्या केंद्रांमधलं अंतर नऊ किलोहर्ट्झचं ठरलं आणि प्रत्येक केंद्र नवाच्या पाढ्यात जाऊन बसलं. अमेरिकेत मात्र अंतर दहाचं. म्हणून तिकडून कुणी भाचा किंवा मुलगा हौसेने आकडे दाखवणारा रेडिओ आणतो आणि आजोबा म्हणतात, पुणं लागत नाही. तो रेडिओ ७९० वर थांबतो, मग थेट ८०० वर उडी मारतो. ७९० वर पुणं ऐकू येतं, पण दोन किलोहर्ट्झ बाजूला, त्यामुळे प्रत्येक स फाटका. नागपूरची स्थिती त्याहून वाईट. ५८० आणि ५९० यांच्या नेमकं मधोमध ५८५, दोन्हीकडून पाच किलोहर्ट्झ लांब, शब्द गिळल्यासारखे. अशा बऱ्याच रेडिओंना पाठीमागे किंवा बॅटरीच्या खणात ९ आणि १० लिहिलेलं एक बारीक बटण असतं. ते नवावर सरकवलं की सगळं जागेवर येतं. ते नसेल तर इलाज नाही. फिरवायच्या बटणाच्या रेडिओला हा प्रश्न कधी पडतच नाही. त्याला पाढे येत नाहीत. बोट फिरतं, कान सांगतो, आणि आवाज भरला की बोट थांबतं.

त्याच्या पोटात काय चालतं, ते साताऱ्यात फार छान ऐकता येतं. दोन रेडिओ शेजारी ठेवा, हातभर अंतरावर. एक पुण्यावर लावा, दुसरा सांगलीवर. पुण्यावरच्या रेडिओचा आवाज लहान केला तरी चालेल. सांगलीवाल्यात एक बारीक शिट्टी ऐकू येईल, आणि पुण्याचं बटण केसभर हलवलं की ती शिट्टी मींड घेतल्यासारखी वर-खाली सरकेल. कारण असं की रेडिओ आलेली लाट तशीच वाढवत नाही. तो स्वतः एक लाट तयार करतो, हव्या त्या केंद्राच्या ४५५ किलोहर्ट्झ वर, आणि दोन्ही एकमेकींत मिसळून उरलेल्या ४५५ वरच पुढचं काम करतो. ७९२ मध्ये ४५५ मिळवले की १२४७. सांगली १२५१ वर. फरक चारचा, आणि तीच ती चार किलोहर्ट्झची शिट्टी. ऐकणारं यंत्र स्वतःही थोडंसं बोलत असतं, ही गोष्ट पहिल्यांदा कानावर येते तेव्हा अंगावर काटा येतो.

हे ४५५ चं गणित बिघडलं की रेडिओ 'मंद' होतो. केंद्रं लागतात, पण आकड्यावर लागत नाहीत, आणि आवाज लांबून आल्यासारखा. दुरुस्ती अशी. पाठ उघडायची. आत चौकोनी पत्र्याच्या डब्या दिसतात, माथ्यावर रंगीत स्क्रू. बहुतेक रेडिओंत लाल डबी रेडिओच्या स्वतःच्या लाटेची, पिवळी, पांढरी आणि काळी ४५५ ची. या तिघींना शक्यतो हात लावायचा नाही. घाईने फिरवणाऱ्यांनी जेवढे रेडिओ बिघडवलेत, तेवढे जुनेपणाने बिघडलेले नाहीत. कमी आकड्याच्या टोकाला एखादं ओळखीचं केंद्र धरायचं, मुंबई ५५८ किंवा नागपूर ५८५, आणि लाल डबीचा स्क्रू अगदी हळू फिरवून ते काट्याखाली आणायचं. मग फेराइटच्या काळ्या कांडीवरची, म्हणजे रेडिओच्या आतल्या एरियलवरची, तारेची गुंडाळी बोटाने एक-दोन मिलिमीटर सरकवत जिथे आवाज सर्वांत मोठा होतो तिथे सोडायची. आता जास्त आकड्याच्या टोकाला जायचं आणि गँग कंडेन्सरच्या, म्हणजे केंद्र लावायच्या बटणासोबत फिरणाऱ्या भागाच्या, पाठीवरचे दोन बारीक स्क्रू, ट्रिमर, फिरवायचे, एक आकडा जुळवायला, एक आवाज वाढवायला. या टोकाला हात लावला की ते टोक थोडं हलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरायचा नाही, नुसता जवळ नेला तरी कॉइलचा गुण बदलतो. बांबूची काडी घासून चपटी केली की काम होतं. शेवटी गुंडाळीवर मेणाचा थेंब. या सगळ्याला एकही मोजायचं यंत्र लागत नाही. कान लागतो, आणि घाई नसणं लागतं.

कान पुरतो, कारण हे यंत्र आपला आजार ऐकवतं.

मला वाटतं, जुनी आवाजाची यंत्रं टिकण्याचं मोठं कारण इथे आहे. ती थोडी थोडी मरतात. व्हॉल्यूम कंट्रोल फिरवताना खरखर आली, तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आत सोडून बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. आठवड्याने खरखर परत आली, तर दोष पट्टीचा नाही, तिच्याआधीचा कंडेन्सर गळतोय आणि नको ती डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज, पट्टीवर येतेय, तो बदलायचा. आवाज मोठा केला की फट्-फट्-फट् अशी मोटारबोट चालल्यासारखी धडधड, तर सेल संपत आलेत किंवा बॅटरीवरचा २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकलाय. काटा फिरतो पण अडखळतो, तर दोरी सैल. तिला राळ लावली की पुन्हा पकड येते. एलिमिनेटरवर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर, लावल्यावर फक्त केंद्र लागलं की घुंईं करतो, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत करत नाही, तर एलिमिनेटरमधल्या प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरची चकती आडवी जोडायची. रेडिओ पडला आणि कांडी मोडली, तर दोन्ही तोंडं घट्ट भिडवून अ‍ॅरल्डाइटने चिकटवायची. मध्ये फट राहिली नाही तर जवळपास पहिल्यासारखं ऐकू येतं. सेल गळून स्प्रिंगवर थर चढला, तर साध्या सेलला खायच्या सोड्याचं पाणी आणि अल्कलाइन सेलला लिंबाचा रस, मग कोरडं पुसून बारीक पॉलिश पेपर. प्रत्येक दुखण्याचा आवाज वेगळा, आणि तो आवाज रेडिओ पूर्ण बंद पडायच्या कितीतरी आधी येतो. मोठे दोन सेल घातले तर रोज दोन तास ऐकून दोन-अडीच महिने सहज जातात, आणि शेवटचे आठ दिवस तो हळूहळू बारीक होत सांगत राहतो की नवे आणा.

कॅसेटचंही तसंच. टेप यंत्राने खाल्ली तर चुरगळलेला भाग कापायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे इंचभर टेप गेली तर अर्धा सेकंद गेला. भजनातली एक टाळी गेली असेल, भजन राहिलं. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत असेल तर आधी टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसायचं. तरी उजळला नाही तर हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू एक अष्टमांश फेरा इकडे किंवा तिकडे. ज्या यंत्रावर ती भरली गेली त्याचं हेड किंचित तिरकं होतं; तेवढाच तिरकेपणा आपल्या हेडला दिला की वीस-तीस वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आवाजातले स आणि च एकदम समोर येऊन उभे राहतात. रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपले तर टेप हळू होत थांबते, आणि थांबेपर्यंतचं सगळं तिच्यावर असतं. मोबाइलवर एखाद्या आजीच्या ओव्या टिपताना बॅटरी संपली, तर बऱ्याचदा ती फाइल उघडतच नाही. आवाज आत असतो, पण कुठे काय आहे याची अनुक्रमणिका त्या प्रकारच्या फाइलमध्ये अगदी शेवटी लिहिली जाते, आणि तो शेवट लिहायला फोन जिवंत राहिलेला नसतो. चाळीस मिनिटांच्या ओव्या, आणि पडद्यावर एका ओळीचा नकार. हे फार जिव्हारी लागतं.

सूर्य मावळला की मीडियम वेव्हचा स्वभाव पालटतो. दिवसा आभाळातला सर्वांत खालचा विद्युतभारित थर वर जाणारी लाट शोषून घेतो, म्हणून जी जमिनीच्या कडेने सरपटत येते तेवढीच ऐकायची. अंधार पडला की तो थर विरतो, आणि वरच्या थरांवरून लाटा परत खाली वळतात. मग शेकडो किलोमीटरवरची केंद्रं एकमेकांच्या पाठी उभी राहतात. आवाज भरतो, ओसरतो, मध्येच अनोळखी भाषा पुढे येते आणि मागे जाते. याच गुणावर नागपूरचा तो अवाढव्य प्रक्षेपक उभा होता. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, १५६६ किलोहर्ट्झवर, तब्बल १००० किलोवॉट, देशाच्या जवळजवळ मध्यावरून. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. रात्रपाळीचे वॉचमन, नाक्यावर थांबलेले ट्रकवाले, झोप न येणारी म्हातारी माणसं, एवढ्या सगळ्यांना एका खांबावरून आवाज देता येतो, ही कल्पनाच केवढी मोठी. २०१९ च्या जानेवारीत ती वाहिनी बंद झाली.

बंद करणाऱ्यांकडेही हिशेब आहे. शंभर किलोवॉटच्या प्रक्षेपकाला तासाला सव्वाशे युनिटांच्या पुढेच वीज लागते. मनोरा लागतो, आणि तो साधा मनोरा नसतो. पुण्याची लाट ३७९ मीटर लांब, तिच्या पाव हिश्श्याचा म्हणजे शंभर मीटरच्या आसपासचा खांब, चिनी मातीच्या बैठकीवर तोललेला, कारण सगळा खांबच विजेने भारलेला असतो. त्याच्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं, सूर्याच्या किरणांसारखं. म्हणून जागाही एकरांनी लागते, आणि ओली-खारट असली तर उत्तम. मुंबईचे प्रक्षेपक मालाड-मालवणीच्या खाडीकाठी आहेत ते त्यामुळेच. आज तिथल्या जमिनीचा भाव काय असेल, हे सांगायला नको. आकाशवाणीने मीडियम वेव्हवरच डिजिटल प्रक्षेपणही आणलं, डीआरएम नावाचं, तीसहून जास्त ठिकाणी. आवाज खरोखरच सुंदर. पण ते ऐकणारा रेडिओ टपरीच्या फळीवर अजून आलेला नाही, आणि जिथे लाट क्षीण होते तिथे डिजिटल आवाज क्षीण होत नाही, तो तुटतो. साध्या मीडियम वेव्हवर तिथे खरखरीच्या आडून शब्द कळत राहतात. माणसाचा कान खरखरीतून माणूस वेगळा काढण्यात तरबेज आहे. लग्नाच्या मांडवातही तो आपल्या नावाची हाक ओळखतो.

एफएमची लाट तीन मीटरची, ती डोंगराआड गेली की संपली. पावणेचारशे मीटरची लाट सह्याद्रीच्या सोंडांना वळसा घालून खोऱ्यात उतरते. जावळीच्या किंवा कोयनेच्या खोऱ्यातल्या घरात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर श्रीवर्धनकडच्या गावांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. अशा दिवसांत दोन सेलवर चालणारा आणि कुणाची परवानगी न मागता बोलणारा डबा घरात असणं, याची किंमत विजेच्या युनिटांत मांडता येत नाही. मनोरे एकेक करून शांत होताहेत, याचं मला मनापासून दुःख होतं ते म्हणून.

राहिली ती टपरीवरची गुणगुण. स्वस्त एलईडी बल्बच्या टोपणात एक छोटं सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतं आणि तोडतं. समजा, साठ किलोहर्ट्झवर. मग त्याची पिल्लं ५४० वर, ६०० वर, ६६०, ७२०, ७८० वर, अशी अख्ख्या पट्ट्यावर बसतात, आणि घरातली वायर त्यांची एरियल होते. इलाज तीन. एक, रेडिओ वायरीपासून मीटर-दीड मीटर लांब ठेवायचा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. दुसरा, रेडिओ हळूहळू फिरवायचा. कांडी आत आडवी असते. तिची कूस ज्या दिशेला, तिकडचं जास्तीत जास्त ऐकू येतं, टोकं ज्या दिशेला, तिकडचं जवळजवळ नाहीसं होतं. टोक गुणगुणीकडे वळवून पाहायचं, केंद्र हातचं न जाऊ देता. आणि पाच फुटांच्या टपरीत ना लांब ठेवायला जागा, ना फिरवायला. तिथे तिसरा इलाज, बातम्यांपुरता बल्ब बंद. त्या मुलाला ते दिसलं होतं, पण का ते त्याने विचारलं नाही.

मोबाइलच्या चार्जरमध्येही असलंच सर्किट असतं.

सव्वासातला कोरेगावची गाडी लागली. मुलाने उरलेला चहा एका घोटात संपवला, चार्जर बोर्डातून उपटून खिशात कोंबला आणि तो धावत सुटला. फळीवरच्या रेडिओतली गुणगुण एकदम थांबली. टपरीवाल्याने बोर्डाकडे पाहिलं, मग रेडिओकडे, आणि आवाज थोडा लहान केला.

बल्ब त्याने अजून लावला नव्हता.